तारवाच्या खिडक्या

८ ऑक्टोबर १९४४, रविवार
उपासना संपली तशी आबा दारातच सगळ्यांना सांगत सुटले, "कापनीच्या सनाला यंदा माझं शेवटचं कीर्तन. म्होरल्या साली शिमोन उभा ऱ्हाईल." मला विचारलं नाही. बापाने मुलाला विचारायची पद्धत आमच्या घरात कधी नव्हतीच. "बघू" म्हणालो.

सगुणा जाऊन दीड वर्ष झालं. बायको गेली त्या दिवसापासून मी प्रार्थना केलेली नाही. सगळे डोळे मिटतात तेव्हा मी उघडे ठेवून पुढच्याच्या मानेकडं बघत बसतो. उपदेशकाचा मुलगा, मिशन शाळेचा मास्तर, आणि हे असं. कुणाला ठाऊक नाही. आबांना कळलं तर ते खचतील, म्हणून गप्प.

माळ्यावरून सणाचं लाकडी तारू खाली काढताना माझ्या हातून मधली डोलकाठी मोडली. आबा ओरडले नाहीत. "सनाच्या आत नीट करून आन."

१२ ऑक्टो.
तारू गणपत सुताराकडं नेलं. हातभर लांब, तीन डोलकाठ्या, जुन्या मिशनरी साहेबाने पन्नास वर्षांमागं चर्चला दिलेलं. दर साली सणाला त्यात लोकांची पहिली बाजरी भरायची, ते आबांच्या पुढ्यात ठेवायचं, आणि आबांनी नोहाचं आख्यान लावायचं. दुसऱ्या दिवशी ती बाजरी कीर्तनकाराच्या घरी दळायची. भाकरीवर प्रार्थना कीर्तनकारानेच करायची, मग घरच्यांनी खायचं. असं चालत आलंय.

गणपतने उलटंपालटं करून पाहिलं.
"मास्तर, तुमचा नोहा लढाईला निघाल्ता व्हय?"
"का?"
"ही भोकं बघा की. तोफांची हायेत. ममईला गोदीत दोन वर्सं काढल्यात मी."

त्या जनावरांच्या खिडक्या, असं आबा आम्हाला लहानपणापासून सांगत आले. हत्तीची मोठी, सशाची बारकी. सगळ्या एकाच मापाच्या आहेत हे मला चाळिशीत दिसलं. शहाणपण उतू चाललंय.

१४ ऑक्टो.
गणपतने जुना रंग खरवडला. चार थर निघाले. मागच्या बाजूला कोरलेली इंग्रजी अक्षरं. त्याला वाचता येईनात, मला बोलावणं धाडलं.
बीगल.

शाळेच्या कपाटात जुन्या साहेबाची पुस्तकं आहेत, वाळवीनेच काय ती वाचलेली. त्यातलं प्रवासाचं एक मी पूर्वी चाळलं होतं. ते काढलं. आत जहाजाचं चित्र. तेच. याच जहाजातून एक तरुण पाच वर्षं जग हिंडला आणि पुढं त्याने लिहिलं की प्राणी एकेक करून घडवलेले नाहीत, एकातून दुसरे हळूहळू होत आले, माणूससुद्धा. निघाला तेव्हा त्याला पाळक व्हायचं होतं.

म्हणजे ज्या जहाजाने आदामाला धक्का दिला, त्यातच आम्ही पन्नास वर्षं देवाला बाजरी वाहतोय. शाळेत एकटाच हसलो. आनंद झाला. चांगल्या जातीचा आनंद नव्हता तो.

१७ ऑक्टो.
पाळकसाहेबांना दाखवलं. ते नगरला शिकलेले, लगेच वाद मिटवायला बसले. "मास्तर, सहा दिवस म्हणजे सहा युगं धरा. देवाचा दिवस आपल्यासारखा नसतो."
म्हणालो, "सगुणा चार दिवसांच्या तापात गेली. ते चारच होते, साहेब."
ते म्हणाले, "अक्षरांवर रंग द्या. म्हाताऱ्यांना कशाला सांगायचं?"
बरोबरच होतं. तेच करायचं ठरवून घरी आलो.

२१ ऑक्टो.
सांगितलं. सांगून बसलो.

निमित्त काहीच नव्हतं. तारू घरी आणलेलं, रंग द्यायचा बाकी. आबा ओट्यावर आख्यान घोळत होते. मध्येच म्हणाले, "नोहाला देवानं पान्यातनं काढलं, तसंच आपल्या सगुनेला काढलं बघ. लेकराला तरास नगं म्हनून." दीड वर्ष हे ऐकतोय. आज डोकं फिरलं. तारू त्यांच्या मांडीवर ठेवलं, मोतीबिंदूने दिसत नाही म्हणून त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. सगळं सांगून टाकलं. मी प्रार्थना करत नाही हेही.

चिडतील वाटलं होतं. सावकाश बोलले.
"माझ्या बापाला चावडीची पायरी चढू दिली न्हाई कुनी. साहेब म्हनला, सगळी मानसं एका आदामाची. तेवढ्यावर आमी आजवर उभे हावोत."
"आबा, त्याचं पुढचं पुस्तकही तेच म्हणतं. सगळे एकाच मुळाचे."
"मुळाचे आसतील. पर हाक मारून बोलावलेले न्हाईत." मग म्हणाले, "तुज्या पुस्तकात सगुना कुठं हाय?"
"कुठंच नाही."

बोट पुन्हा तोफांच्या भोकांवर गेलं. "ह्या मंग काय?" म्हणालो, तोफांच्या. बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "मी साहेबाला इचारलं हुतं. ईस वर्साचा आसंन. ही भोकं कशाची? साहेब म्हनला, जनावरांच्या खिडक्या. त्याला तर ठावं हुतं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आदामाच्या मागं लागलो होतो, घाव बसला तो साहेबाच्या एका बोलण्याचा.

२३ ऑक्टो.
पहाटे आबांची प्रार्थना नाही. माझं सारं आयुष्य त्या आवाजाने उठण्यात गेलं. सगुणा हसायची, "मामंजी देवाला जागं करत्यात." मला त्या आवाजाचा वैताग यायचा. आज जाग आली ती घर गप्प आहे म्हणून.

जेवताना आबांनी अर्धी भाकरी खाल्ली. प्रार्थनेला ओठ हलले नाहीत.

२६ ऑक्टो.
सारवासारव करून पाहिली. साहेबाने ते तारू पोरपणी विलायतेत केलं असेल, पेटीतून इकडं आणलं, दुसरं जहाज कुठून आणणार बिचारा? सोय पाहिली, लबाडी नव्हे. कदाचित खरंही असेल हे.
आबा म्हणाले, "त्या दिशी तू खरं बोलत हुतास. आज माजं मन राखतुयास." हरलो. खरं म्हणजे त्या दिवशी जिंकलो तेव्हाच हरलो होतो.

३० ऑक्टो.
गणपत विचारून गेला, "अक्षरं बुजवू का ठेवू?" आबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "ज्याचं त्याचं नाव आसू द्या." बाकी जहाजाला निळा रंग, अक्षरं उघडी.

४ नोव्हें.
पाळकसाहेब आले. सण उद्यावर. आबा कीर्तन करायला तयार नाहीत. "मला घसा न्हाई." घशाला काही झालेलं नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. लोक घोडेगावचा बाजार सोडून सणाला थांबलेत, बाजरी टोपल्यांत भरून तयार आहे. नाही कुणाच्या तोंडावर म्हणू? हो म्हणालो. हो म्हणताना लाज वाटली, आणि अजून वाटतेय.

५ नोव्हें., रविवार
उभा राहिलो. झांजा आबांच्या. बाजरी भरलेलं तारू पुढ्यात. आख्यान सगळं तोंडपाठ, लहानपणापासून ऐकलेलं. पाऊस पडला, पाणी चढलं, डोंगर बुडाले. बायका डोळे पुसत होत्या. मी चांगलं करत होतो, मला कळत होतं, आणि त्याचाच राग येत होता. अक्षरांकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. दर साली "तारू तरंगलं" म्हणताना आबांचा आवाज उठायचा, सगळं चर्च मागं म्हणायचं. आबा मागं दाराशी बसले होते. मी ते म्हणून थांबलो. कुणीच मागं म्हणालं नाही. मग मीच पुढचं पद लावलं.

घरी येताना वाटेत म्हणालो, "आबा, कसं झालं?"
"लई चांगलं केलंस. माज्यापरीस चांगलं." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "मला खरं वाटलं न्हाई. पैल्यांदाच."

इतकी वर्षं मला एकच भीती होती, की मी मानत नाही हे त्यांना कळेल. ते मानेनासे होतील ही भीती कधी मनातही आली नव्हती.

६ नोव्हें.
तारवातली बाजरी दळून आणली. भाकरी मीच थापल्या. दोन फाटल्या. सगुणा असती तर हसली असती.

आबांना वाढलं, मला वाढून घेतलं. आबा हात मांडीवर ठेवून बसले. मी म्हणालो, "आबा, प्रार्थना."
म्हणाले, "कीर्तन कुनी केलं?"

मी डोळे मिटले. दीड वर्षाने पहिल्यांदा खरोखर मिटले. शब्द येईनात. शब्द सगळे पाठ आहेत, एकही येईना. उघडून पाहिलं तर आबांचेही मिटलेले, मान खाली, वाट बघत. सवयीने, की आणखी कशाने, विचारायचं धाडस झालं नाही.
पुन्हा मिटले.

भाकरी निवली. आबांनी ताटाला हात लावला नाही. मीही नाही.