कमरेएवढा तट

प्रिय दादा,

शाळेत जिच्या अभेद्य तटाची कविता आपण घोकली, ती नगरी काल मुलासुनेबरोबर पाहिली. तट जेमतेम माझ्या कमरेएवढा उरलाय. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्यासाठी सातासमुद्रापार आणलंत?" नात म्हणाली, "आजोबा, कविता म्हणा ना!" सुरुवात झोकात केली आणि शेवटच्या कडव्याशी अडकलो.

शाळेच्या पाठांतर स्पर्धेत तूही तिथेच अडकला होतास. पडद्यामागून ओळ सांगायचं काम माझं होतं. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. ओळ मला पाठ होती. तुझं कौतुक बघवत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. सगळी शाळा हसली, तू शाळाच सोडलीस. मी मास्तर झालो, तू जन्मभर पोती वाहिलीस.

काल मीही मागे वळून पाहिलं, दादा. मागे कोणी नव्हतं.

हे पत्र टाकणार नाही.

तेव्हासारखाच गप्प,
तुझा धाकटा