आखूड दस्त्याची थ्री-नॉट-थ्री

कांगिअलुक,
५ डिसेंबर

प्रिय सनायी,

आधी काय घडलं ते लिहिते.

१. सप्टेंबरात मी माझी पहिली बंदूक घेतली. लष्करानं काढून टाकलेली, थ्री-नॉट-थ्री.
२. नोव्हेंबरात शिकारीला गेलो. मी, जोबीमामा आणि आमच्या वीजघरातला अदामी.
३. पहिल्या दिवशी बंदूक उघडलीच नाही.
४. दुसऱ्या दिवशी उडाली. एक गोळी, एक कॅरिबू. तरुण नर, पाठीवर दोन बोटं चरबी.
५. तो तुझा आहे. या खोक्यात मावला तेवढा पाठवला आहे. उरलेला आईच्या फ्रीजरमध्ये तुझ्या नावानं ठेवला आहे आणि आई फ्रीजरजवळ कोणाला फिरकू देत नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुला फोनवर सांगणं म्हणजे गावच्या रेडिओवर सांगणं. तुझ्या रेमाँला अखेर कच्चा मासा आवडला, ही बातमी मागच्या महिन्यात आम्ही वीजघरात इंजिनांच्या आवाजातही स्पष्ट ऐकली. अदामीची आई तुझ्याबद्दल म्हणते, “अकिनिसी नवऱ्यामागे दक्षिणेत गेली, पण तिचा आवाज अजून इथेच राहतो, आणि भाडंही देत नाही.” शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्येच बोलता येत नाही. म्हणून हे मांसाच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवते आहे.

माझी नाळ तू कापलीस, पहिलं अंगडं तू घातलंस, म्हणून तू माझी सनायी, माझी घडवणारी; आणि तेव्हाच खोलीभर माणसांसमोर सांगून टाकलंस की ही पोरगी मला कॅरिबू मारून आणून देईल. या गावात तू अशी अकरा माणसं घडवलीस आणि प्रत्येकाला काही ना काही म्हणालीस. दहा जणांनी ते खरं केलं. मी आठव्या वर्षी शिवलेला पहिला हातमोजा तुला दिला होता. त्याला अंगठ्याची जागा नव्हती. तो घालून तू चर्चला गेलीस आणि सगळ्यांना हात हलवून दाखवलास. पहिला मासाही दिला. मग मी शिकायला दक्षिणेत गेले आणि परत आले ती इंजिनं दुरुस्त करणारी होऊन. कॅरिबू राहिला तो राहिलाच. तू रेमाँशी लग्न करून निघालीस तेव्हा विमानाच्या शिडीवरून ओरडलीस, “सिआसी, तुझा कॅरिबू खाल्ल्याशिवाय मी मरायची नाही, तेव्हा अगदी सावकाश मार!” सगळे हसले. मला हसता आलं नाही. तू तेव्हा अडुसष्ट वर्षांची होतीस.

मला बंदूक घ्यायची आहे हे कळल्यावर गावात प्रत्येकाला मत फुटलं. दुकानात एक नवीकोरी होती. प्लॅस्टिकचा दस्ता, वर दुर्बीण, वजन अगदी कमी. मी ती दोनदा खांद्याला लावून पाहिली आणि परत ठेवली. बंदूक जितकी हलकी तितका तिचा दणका जास्त, हे साधं गणित आहे, आणि या वर्षी मला दणका कमी बसायला हवा होता. “का गं?” मामानं विचारलं. मी “खांदा” म्हणाले. “तुझ्या खांद्याला काय झालंय?” “काही नाही.” मामानं पुढे विचारलं नाही, त्याला माझी सवय आहे.

अदामीच्या चुलतभावाकडे एक रशियन होती. तीही लष्करातली, एकामागून एक गोळ्या आपोआप उडवणारी, दणका बेताचा, आणि पुढे घडीची संगीन. अदामी तिच्या प्रेमात पडला. म्हणाला, “बघ ना, संगिनीवर मासे भाजता येतील.” मी म्हणाले, “मासे भाजायला मी बंदूक घेत नाहीये.” “पण घेतलीसच तर भाजता येतील, एवढंच म्हणतोय मी.” मी ती त्याच्या आईच्या टेबलावर पूर्ण उघडली. आतला प्रत्येक भाग चांगल्या अवस्थेत होता, पण आपले आपण हलणारे भाग फार. ऐन थंडीत असा एखादा भाग चिकटला, तर आडरानात मला तो सारखा करत बसायचं नव्हतं.

राहिली थ्री-नॉट-थ्री. मामानं रेंजरच्या तुकडीत तीच वापरली आणि लष्करानं नवी दिल्यावरही जुनीच बरोबर नेतो, हे तुला माहीत आहे. “नवी चांगली आहे,” तो म्हणतो, “पण माझी अजून ओळख झालेली नाही तिच्याशी.” दक्षिणेत जुना लष्करी माल विकणारा एक दुकानदार मी शोधून काढला आणि त्याला फोन केला. बोल्टवरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा एकच आहे का? नळी झिजली आहे का, गोळीचं टोक तिच्या तोंडात घातलं तर कुठपर्यंत जातं? दस्ता कोणता? या बंदुकीचे दस्ते लहान-मोठे येतात, आणि मला जाड कोटावरून खांद्याला लावायची असल्यामुळे आखूडच हवा होता. तो बिचारा दर वेळी फोन ठेवून आत जायचा, पाहून यायचा. चौथ्या खेपेला म्हणाला, “बाई, तुम्ही बंदूक घेताय की विमान?” अदामी शेजारीच होता. तो फोनमध्ये ओरडला, “साहेब, सुटलात! मला तर तिनं याहून जास्त प्रश्न विचारले होते!” दुकानदार हसला. मी दस्त्याचं परत विचारलं.

बंदूक आली ती तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेली. तो वास मला सहन होईना, म्हणून साफसफाई अदामीनं केली आणि मी दारात उभी राहून काय करायचं ते सांगितलं. मग नळी मोजली. सरस होती. कचराडेपोमागे पिंपावर नेम लावून पाहिला. गोळ्या डावीकडे जात होत्या, ठोकून ठोकून नळीच्या टोकावरची नेमाची माशी जागेवर आणली. शेवटच्या पाच गोळ्या हाताच्या पंजाखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. मामा बघायला आला होता. म्हणाला, “कॅरिबूला एक पुरते. बाकीच्या चार काय चहात बुडवून खायच्या?” पण पिंपाचा तो पत्रा त्यानं कापून घरी नेला. भिंतीवर लावला आहे म्हणे. मी पाहायला गेले नाही.

नोव्हेंबरात मोठ्या तळ्यापलीकडे कळप दिसल्याची बातमी आली आणि आम्ही निघालो. मामा पुढे त्याच्या स्नोमोबाइलवर, मागे अदामी, त्याच्या स्लेजवर मी. अदामी इतका हळू चालवत होता की मामाला दर थोड्या वेळानं थांबून वाट पाहावी लागली. “काय रे, मागे अंडी बांधलीयस का?” “रस्ता खराब आहे मामा.” तळं गोठून टेबलासारखं सपाट झालं होतं. मामानं तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सिगारेट पेटवली.

रात्री तळ्याकाठच्या झोपडीत राहिलो. बंदुका बाहेर, आडोशाला, तू शिकवलंस तशा. सकाळी चढावर पोचलो तर खाली वीस-पंचवीस कॅरिबू बर्फ उकरून खात होते. वारा आमच्याकडे येत होता. मी आडवी झाले, गोळी आत सारायला बोल्टची मूठ उचलायला गेले, आणि तो जागचा हलेना. दोन्ही हातांनी हलेना. “काय झालं?” मामा कुजबुजला. “गोठलीय.” “बाहेर ठेवलेली बंदूक गोठते कशी?” अदामी बोलला नाही, आणि अदामी बोलत नाही म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मामानं आपली बंदूक माझ्या हातात दिली. तिचा दस्ता लांब, माझा डोळा नेमावर बसेना. मी धडपडत राहिले आणि कळप टेकाडामागे गेला. मामानं आपली बंदूक परत घेऊन एखादा सहज पाडला असता. त्यानं ती खांद्याला अडकवली आणि कळप जाताना पाहत राहिला.

मग अदामीनं कबूल केलं. पहाटे उठून त्यानं माझी बंदूक आत आणली होती आणि स्टोव्हपाशी ठेवली होती. “लोखंड एवढं गार,” तो म्हणाला, “हिच्या गालाला चिकटलं असतं.” उबेत लोखंडाला घाम सुटला, बाहेर नेल्यावर त्या घामाचं आत बर्फ झालं. या गावात जन्मलेल्या माणसानं केलेली चूक आहे ही! मामा हसत हसत बर्फात बसला. “माझ्या बापानं कुत्री झोपडीत घेतली नाहीत, आणि हा बंदुकीला शेकायला बसवतो! अरे, पांघरूण घातलंस का नाही तिला? गाणं म्हटलंस?” परतीच्या वाटेवर तो दर वळणावर थांबून माझ्या बंदुकीला विचारायचा, “बाई, थंडी वाजत नाही ना?” मला राग यायला हवा होता. मी हिशेब करून पाहिला, तो येत नव्हता.

झोपडीत बोल्ट सुटा केला. तो स्टोव्हच्या इंधनानं धुऊन कोरडा करायचा होता, तेलाचा थेंबही न ठेवता. इंधनाचा डबा उघडला आणि मला बाहेर पळावं लागलं. परत आले तेव्हा अदामी निमूटपणे बोल्ट धूत होता आणि मामा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. सकाळी निघताना त्यानं आपल्या अंगाखालचं जाड कातडं काढून माझ्या स्लेजवर दुहेरी घालून पसरलं.

दुसऱ्या दिवशी पाचच कॅरिबू होते, तळ्याच्या काठानं चाललेले. मी गुडघ्यावर बसले. बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. कडेचा तरुण नर थांबला, मान वळवली. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. तो दोन पावलं चालला आणि खाली बसला, थकल्यासारखा. पुन्हा उठला नाही.

मी ओरडले. हे लेखी देते आहे, कारण मामा सांगेल आणि तू विश्वास ठेवणार नाहीस. मी बंदूक नीट खाली ठेवली, बोल्ट उघडला, आणि मग ओरडले, “सनायीचा! सनायीचा!” अदामी नाचायला लागला, पाय घसरून पडला, पडल्या पडल्या नाचत राहिला. मामानं टोपी काढली, परत घातली, डोळे पुसले आणि म्हणाला, “वारा फार आहे.” वारा अजिबात नव्हता.

आम्ही गावात पोचायच्या आत रेडिओवर झालं होतं, मामानंच कळवलं. आईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या शिकारीचं मांस दोन्हीकडून ओढून वाटून घ्यायचं, त्या खेळाला बायका बाह्या सरसावून बसल्या होत्या. आई म्हणाली, “हात मागे. हे अकिनिसीचं आहे, ती ओढेल.” “ती तिकडे कोणाशी ओढणार?” “नवरा केलाय ना एवढा मोठा!” तेव्हा रेमाँला तयार ठेव. फासळ्यांचं एक टोक त्याच्या हातात दे आणि त्याला जिंकू देऊ नकोस. जीभ आणि पाठीची चरबी वरच आहे. मांस विरघळू देऊ नका, गोठलेलंच तुझ्या अर्धगोल सुरीनं तासून खा. पाठीच्या स्नायूंचे दोरे वाळवून ठेवले आहेत, ते शिवायला होतील. गोळीच्या आसपासचं मांस मी कापून टाकलं आहे. फार कापलंस, असं मामा म्हणतो. असू दे.

आता हे पत्र का लिहिलं ते. एप्रिलच्या मध्यावर मला बाळ होणार आहे. अदामीचं, हे तू एव्हाना ओळखलं असशीलच. ऑगस्टमध्ये कळलं आणि त्याच दिवशी तुला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं की पुढे मागणंही आलं. तू माझ्याबद्दल म्हणालेली एक गोष्ट सत्तावीस वर्षं मी खरी केली नव्हती, आणि ती तशीच ठेवून तुझ्याकडे दुसरं काही मागायला माझी जीभ रेटेना. म्हणून आधी बंदूक घेतली. आता मागते. एप्रिलमध्ये तू ये. नाळ तू काप, पहिलं अंगडं तू घाल आणि तुझ्या मनात येईल ते मोठ्यानं म्हण. अदामीची आई आनंदानं करेल आणि चांगलं करेल, तेव्हा तुला जमणार नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण मला बारावं माणूस तुझ्याच हातून घडवून हवं आहे. बाळंतघरातल्या सुईणींना बाळाच्या सनायीचं नाव आधी द्यायचं आहे. येणार की नाही, ते मला शुक्रवार, ३ जानेवारीपर्यंत कळव.

तुझीच,
सिआसी