न धुतलेलं शेवाळ

मॅडम, हे पत्र मी किती वर्षं टाळलंय. पाठवायचं तरी कुठे म्हणा. वही उघडली की भलतंच आठवतं, आत्तासुद्धा आधी तुमच्या डब्यातली लसणाची चटणी आठवली. असो. तुमच्या प्रयोगशाळेसाठी माहुलच्या धक्क्यावरून शेवाळ खरवडून आणायचं काम तुम्ही मला दिलंत, बारावी नापास मुलीला. तिथली मासेवाली मावशी विचारायची, "एवढं नेऊन भाजी करतेस काय गं?" मी म्हणायचे, "नाही मावशी, चांदी करतो." खोटं नव्हतं ते. शेवाळ उकळून गाळायचं, त्या पाण्यात चांदीचा क्षार टाकायचा, की हळूहळू चहाचा रंग चढतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण झाले. नाल्यातले जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याचा थेंब पडला की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो. पहिला गोल दिसला त्या दिवशी तुम्ही मला तुमचा जुना ॲप्रन दिलात. नियम एकच, शेवाळ सात पाण्यांनी धुवायचं. खाडीचं मीठ राहिलं तर चांदी त्यालाच धरते आणि सगळं पांढरं होतं. "भटके, धुताना खिडकीबाहेर बघू नकोस," म्हणायचात.

आपलं काम पुढे चालू ठेवायचं का ते ठरवणारी कमिटी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी दोनदाच धुतलं. अंधेरीला शूटिंग बघायला मैत्रीण थांबली होती ना. तिथे काही नव्हतंच, नुसत्या उभ्या गाड्या. दुसऱ्या दिवशी चार माणसांसमोर तुमचा बीकर दुधासारखा झाला. एकजण म्हणाला, "मॅडम, डेअरी काढताय काय?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "सात वेळा धुतलंस ना गं?"

"हो मॅडम."

"मग माझंच काहीतरी चुकलं," तुम्ही त्यांना म्हणालात. मी तेव्हा बोलले असते तर तासाभरात दुसरं शेवाळ धुऊन झालं असतं. मी बीकर घासत राहिले. काम बंद झालं, तुम्ही रिटायर झालात, वर्षभरात गेलात.

दार वाजलं म्हणून उठले होते. तुमची मुलगी आलीय, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. हातात तुमची प्रयोगांची वही आहे. शेवटच्या पानावर तुमचं अक्षर: शेवाळ नीट धुतलेलं होतं, कारण कळलं नाही. ती विचारतेय, "आईबरोबर तूच असायचीस ना, काय झालं होतं गं?" तिला बसवून चहाच्या निमित्ताने आत आलेय आणि हे लिहितेय. स्वयंपाकघराला मागचं दार आहे. खरं सांगते, दोनदा त्याच्याकडे बघून झालंय.