बाहेरून लावलेलं कुलूप

अहो,

तुमी पहाटेच मित्रांसोबत ओढ्यातल्या दगडांवर जीप चढवायला गेले, अन् माझी झोप मोडू नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावून चावी खिशात घेऊन गेले. दर सुटीला हेच. पण आज माझी आदिलाबादला शाळेची मुलाखत आहे. त्याचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता, अन् तुमी त्याच फ्रिजातून पाण्याच्या बाटल्या काढल्या. विसरले असाल, असं मी आज तरी धरून चालते.

अकरा फोन केले, एकही लागला नाही. खिडक्यांना गज, मागच्या अंगणाला पुरुषभर भिंत. सकाळपासून या दारातून त्या दारात चकरा मारून राह्यली मी.

आता शेजारच्या वनमालाकाकू भिंतीपलीकडं स्टुलावर उभ्या आहेत. तुमचा पंकज जीपच्या पुढं उभा राहून चाक कुठं टाकायचं ते सांगते ना, तसा माझा पाय कुठं टाकायचा ते काकू सांगणार. फाईल त्यांच्या हातात दिली, चपला पलीकडं फेकल्या. साडेनऊची बस गाठायची आहे.

वरण शिजवून ठेवलं आहे, भात तुमीच लावा.

दुसरी चावी करून आणतो, असं दिवाळीपासून म्हणून राह्यले तुमी. आज आणा. आल्यावर मी काकूंकडंच बसते. चावी तिथं आणून माझ्या हातात द्या, मग माझ्या हातानं कुलूप उघडून मी घरात येईन.

सुनयना