नाकावर टिच्चून बांधलेली खोली

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

खुशाल असशील. आम्ही इकडे ठीक. काकूची कंबर आहे तशीच आहे, पण जेवण जातं आणि मला टोमणे मारण्याइतकी ताकद शाबूत आहे. मी कामावर जाणं सोडलं. गुडघे आता परांचीवर चढू देत नाहीत. जगाच्या भिंती सरळ करता करता स्वतःचा कणा वाकवून घेतलात, असं काकू म्हणते.

ती रोज विचारते, "पोर येऊन गेली म्हणे, मग घरी का नाही आली?" मी म्हणतो, गाडीची वेळ झाली होती. "एवढी कसली घाई? लहानपणी हाकलली तरी घरी जात नव्हती!" यावर मी चहा ठेवायला उठतो.

तू का आली नाहीस हे मला कोणी सांगायला नको.

तुझी नोटीस आली तेव्हा मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, हेही खरं. तुझे बाबा गेले, तू जागा विकायला काढलीस, घेणाऱ्याने मोजणी करवली आणि आमची मागची खोली तुमच्या हद्दीत निघाली. यात तुझं काय चुकलं? पण काकूला जिना चढवत नाही आणि खाली आमच्याकडे तेवढी एकच खोली. ती पाडली असती तर तिला नेऊन ठेवायचं कुठे? रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वकिलाला मी आधी सगळं खरंच सांगितलं. खोली बांधताना ओळंबा तुझ्या बाबांनी धरला होता. "अरे, आणखी दोन हात इकडे सरक, वहिनींना जरा मोकळं होऊ दे," असं तेच म्हणाले होते. वकील हसला. म्हणाला, "हे कोर्टात बोललात तर खोली गेली म्हणून समजा. दोस्तीत दिलेली जागा कधीही परत मागता येते. इतकी वर्षं त्यांच्या नाकावर टिच्चून वापरली म्हणा, म्हणजे ती तुमची." याला प्रतिकूल ताबा म्हणतात. वैर असेल तर हक्क, माया असेल तर नुसता उपकार. असला कायदा कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे.

मग मी उभा राहून काय बोललो ते तू ऐकलंसच. तुझे बाबा भांडखोर होते, आमचं बोलणं नव्हतं, त्यांनी अडवलं तरी मी बांधलं. ज्यांच्या उशाशी मी शेवटपर्यंत बसलो त्यांच्याबद्दल हे बोललो. आणि तुझ्या वकिलाने तुझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता का?" मी म्हटलं, "तोंडओळख आहे."

पोरी, तू पहिलं पाऊल आमच्या अंगणात टाकलंस गं.

वकील पुढचा प्रश्न विचारणार, तोच तू त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलंस. आणखी एक प्रश्न आला असता तर मी तिथेच ढासळलो असतो, आणि ते तुला दिसलं होतं. लोक म्हणतात, गवंडीबुवा जिंकले. जिंकतोय कसला! ती खोली बापाने एकदा दिली आणि लेकीने पुन्हा दिली.

काकूला मी निम्मंच सांगितलं, की पोरीने खोली आपल्याला सोडली. ती खूप रडली. म्हणाली, "बापावर गेलीय." आता तिला तुझ्या तोंडावरून हात फिरवायचाय.

ये म्हणायला मला तोंड नाही. पण आलीस आणि तिने काही विचारलं, तर माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला ते जमायचं नाही. नाही आलीस, तर मी रोज तिला नवी सबब सांगेन. त्याची काळजी करू नकोस, आता मी अडखळत नाही.

काकूचे अनेक आशीर्वाद. माझे पाठवायला हात धजत नाही.

शेजारी