दमाची मेमरी

३ फेब्रुवारी

प्रोसेसर आज कंपनीने आखून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवला. सुसाट! पण मेमरी धापा टाकते. जुनीच ती, तिच्याकडून अपेक्षा तरी काय ठेवणार? नवी घ्यायची—दमाची.

मेहुणा टपकला. याचं स्वतःचं मशीन म्हणजे डबा. चालू करावं आणि आंघोळ उरकून यावं. आणि हा मला विचारतो, एवढा वेग वाढवून करायचं काय? गाढवाला गुळाची चव काय!

५ फेब्रुवारी

दुकानदारही शहाणाच निघाला. म्हणे, मेमरीच्या चार पट्ट्या हव्यात तर चारांचा एकच संच घ्या, तो कारखान्यात एकत्र तपासलेला असतो. आणि तो यायला आठवडा! मी दोन-दोनचे दोन संच उचलले. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच वेग. तरी याची टकळी चालूच—"नाव एक असलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघतात, साहेब."

महागडा संच गळ्यात मारायचा होता, दुसरं काय.

६ फेब्रुवारी

चारही पट्ट्या बसवल्या. मशीन उठेना! वेग एक पायरी उतरवला, व्होल्टेज किंचित चढवलं. उठलं. तपासणीचा प्रोग्राम पंधरा मिनिटं चालवला, एकही चूक नाही. लोक म्हणे तो दिवसभर चालवतात. भित्रे लेकाचे.

बायकोने एवढंच विचारलं, शुक्रवारपर्यंत हे दगा देणार नाही ना? एका छोट्या हॉस्पिटलचे नकाशे तिला द्यायचेत. स्वतःच्या नावावरचं तिचं पहिलं काम. म्हटलं, माझ्यावर सोड.

८ फेब्रुवारी

मशीन आपोआप बंद पडलं. विजेचा दोष.

१० फेब्रुवारी

बाईसाहेबांच्या रोज माहेरी फेऱ्या. आईला बरं नाही म्हणे. काम तोंडावर आलंय आणि ही दिवसभर तिकडे! संध्याकाळी येते, घटकाभर मशीनपुढे बसते, उठते. अशा वेगवान यंत्राची कदर कुणाला आहे या घरात?

१२ फेब्रुवारी

तिची फाइल सहज उघडली. उघडेना. दुसरी उघडली, तर तळमजल्याच्या अर्ध्या भिंती गायब!

मी खबरदारी म्हणून प्रत काढून ठेवली होती. तीही नासलेली. असणारच—काढली याच मशीनवर, याच मेमरीतून. मेमरीने चुकीचं धरलं, तेच तिकडे उतरलं. एवढं साधं कळू नये मला?

तपासणी पुन्हा लावली, या वेळी मध्येच थांबवली नाही. पडदा लाल ओळींनी भरला. दुकानदाराचं तोंड आठवत राहिलं. तिचं पहिलं काम, आणि मी मातीत घातलं. ती आली, जेवली, झोपायला गेली. सांगायचं मी सकाळवर ढकललं.

१३ फेब्रुवारी

सकाळी सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

"नकाशे कालच छापून झालेत. दादाच्या डब्यावर काढले, पहिल्यापासून."

आणि दारातून वळून—

"इथे नुसत्या प्रती आणून ठेवत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून."