लायसन्सचे हजार तास

४ मार्च, मंगळवार
आजपासून वही. केंटकी सोडून नेब्रास्कात आलो त्याला अकरा महिने झाले. या वृद्धाश्रमात बल्ब बदलतो, नळ दुरुस्त करतो. आता बास. दारातल्या भिंतीवर हॅवरकँपसाहेबांचं प्रशासकाचं लायसन्स फ्रेममध्ये टांगलंय. काच मीच पुसतो. पुसताना आत माझं तोंड दिसतं. शोभतं.
ठरलं. मी प्रशासक होणार.
नऊ नंबरच्या खोलीतल्या तेसारेकबाईंची मदतीला बोलवायची बेल बिघडलीय. उद्या बघू.

६ मार्च
साहेबांना सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, लॉइड गड्या, मला वाटतच होतं! लायसन्ससाठी हजार तास हाताखाली शिकावं लागतं, आजपासून मोजायला लाग. पहिला धडा: हजेरीच्या रजिस्टरात रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला त्यांची सही करायची. ते स्वतः तळ्यावर, मासे धरायला. कामं सोपवता येणं हेच खरं प्रशासन, म्हणाले.
सही तिसऱ्या खेपेला जमली.

११ मार्च
बत्तीस तास. परीक्षेचं पुस्तक तेसारेकबाई वाचून दाखवतात. जन्मभर शाळेत शिकवलंय त्यांनी. मलाही वाचता येतं, पण छपाई फार बारीक आहे.
आज मध्येच थांबून म्हणाल्या, बाळा, याला कॉलेज लागतं रे, चौथं पान. तू तर दहावी अर्धी सोडलेली. म्हटलं, अपवाद असतात. म्हणाल्या, असतात की. पण अपवादाला बेल तरी दुरुस्त करता यावी.
बेल उद्या. आज मीटिंग होती. (मी आणि स्वयंपाकघरातली डार्ला. विषय: सूप.)

१९ मार्च
तेसारेकबाईंना चमचा दिला. हाक मारायची तर पलंगाच्या दांडीवर वाजवायचा. लांबपर्यंत ऐकू जातो. तात्पुरती व्यवस्था समाधानकारक.
डार्ला म्हणाली, प्रशासकसाहेब, संडास तुंबलाय.
गेलो.

२ एप्रिल, दुपार
तेसारेकबाई पडल्या. चमचा खाली गेला, तो घ्यायला वाकल्या. खुब्याचं हाड. किती वेळ पडून होत्या ते कळलं नाही. अँब्युलन्समध्ये चढवताना म्हणाल्या, साठाव्या पानावर खूण ठेवलीय.
साहेबांना फोन केला. तिकडे वारं फार. रजिस्टरात मी आज हजर आहे ना, त्यांनी विचारलं. आहात, म्हटलं. शाब्बास, म्हणाले.
काही वाटलं नाही. जेवलो. सूपच होतं.

४ एप्रिल
राज्य सरकारच्या तपासनीस बाई आल्या, न कळवता. त्यांची तीच पद्धत. विचारलं, इथला कारभार कोण पाहतं? अशी संधी पुन्हा येत नाही. म्हटलं, मीच. साहेबांची सहीसुद्धा मीच करतो, बघा, फरक ओळखू येतो का? माझे तास खोटे वाटू नयेत म्हणून ही वही दाखवली. एकशे शहात्तर!
उभ्या उभ्या सगळी वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. माझं लिहिलेलं इतकं मन लावून आजवर कुणी वाचलं नाही.
वही घेऊन गेल्या. पावती दिली. हे पावतीच्या मागे लिहितोय.

२२ एप्रिल (कागद तोच)
लायसन्स मंडळाचं पत्र आलं! जाड लिफाफा. माझं पूर्ण नाव, छापील.
डार्लाने वाचून दाखवलं. हॅवरकँपसाहेबांचं लायसन्स रद्द करायचं का, याची सुनावणी आहे. मी साक्षीदार. वही पुरावा क्रमांक एक. तासांचं काय लिहिलंय, विचारलं. तिने पत्र उलटून पाहिलं. म्हणाली, मागे कोरं आहे.

२४ एप्रिल
साहेबांच्या जागी नवीन बाई आल्यात, त्यांच्या लायसन्ससाठी जुनी फ्रेम काढली. खिळा तोच चालेल.
तेसारेकबाईंची मुलगी सामान न्यायला आली. आईला तिने आपल्या गावच्या आश्रमात ठेवलंय. पुस्तकही घेऊन चालली होती. एवढंच विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?
म्हणाली, आहे ना. आई म्हणाली, इथली बेल वाजते म्हणून त्याला सांग.
ती गेल्यावर नऊ नंबरची बेल दुरुस्त केली. सात मिनिटं लागली.